किल्ल्याचा पायथा

आश्विन शुद्ध नवमी. पहाटे नदीवर दाट धुके होते. ऊन वर आले तसे ते विरले आणि मग दिवसभर आभाळ स्वच्छ राहिले. वारा जवळजवळ नव्हताच.

अशा त्या खंडेनवमीच्या दिवशी, एकदा, एका बाजारपेठेच्या गावी एक चित्रकार शिडीवर चढून तसबिरींना झेंडूचे हार बांधत होता. घर गुळाच्या एका व्यापाऱ्याचे होते. दिवाणखाना नवा होता, भिंतींना चुन्याचा वास अजून येत होता, आणि चारही भिंती लढायांच्या चित्रांनी भरून गेल्या होत्या.

शेठजींना हा छंद तरुणपणीच जडला होता. त्यांना एकच थोरला भाऊ. दोघे एका ताटात जेवून वाढलेले. वडील गेले तेव्हा एकाने पेढी सांभाळावी असे घरात ठरले. थोरला म्हणाला, "गुंडूचं गणित चांगलं हाय, त्याला बसू द्या गादीवर," आणि स्वतः पलटणीत भरती झाला. तो गेल्यावर धाकट्याला दुकानात करमेना. भिंतीवरच्या एका कॅलेंडरावर संगीन रोखून उभ्या असलेल्या शिपायाचे चित्र होते. वर्ष संपल्यावर धाकट्याने खालच्या तारखा कापून टाकल्या आणि चित्र गादीमागे डकवले. संग्रहाची सुरुवात ती.

पुढे पेढी वाढली. एखाद्या संस्थानिकाचे घर मोडले की तिथली तैलचित्रे येत. जुन्या बाजारात शिळाछापाची चित्रे सापडत. कुठून पितळेची वीतभर तोफ आली, कुठून लाकडात कोरलेले घोडदळ आले, कुठून पलटणीचा फाटका नगारा आला. थोरला डोंगरांवर आणि सरहद्दींवर जे भोगत होता, ते धाकटा आपल्या परीने घरी आणत होता. थोरला सुभेदार होऊन परतला आणि गावाकडच्या शेतावर राहू लागला, तरी संग्रह काही थांबला नाही.

दरवर्षी दसऱ्याला सुभेदार सोने द्यायला येत, धाकट्याच्या घरी जेवत, घटकाभर लवंडत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. वर्षातली ही एक भेट ठरलेली. यंदा नव्या दिवाणखान्यात सगळा संग्रह एकत्र लावून तो दादांना दाखवायचा, असे शेठजींनी मनात धरले होते.

हे काम चित्रकाराकडे आले. तो तिशीचा होता. हात तयार होता, आणि हात तयार असल्याची जाणीव त्याहून तयार होती. त्याने कोणती लढाई कोणत्या भिंतीवर ते ठरवले, चौकटी एका ओळीत आणल्या. समोरच्या भिंतीवर त्याने स्वतः रंगवलेले, पुरुषभर उंचीचे एक तैलचित्र लावले. त्यात सुभेदार पूर्ण पोशाखात, छातीवर पदके लावून एका सुळक्यावर उभे होते. मागे धूर, पायाशी ढग. फोटोवरून काढलेले असले तरी डोळे असे साधले होते, की शेठजी पहिल्यांदा बघून नुसते "दादा" एवढेच म्हणाले.

कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात त्याने दोघा भावांच्या लहानपणचे मातीचे मावळे मांडले. दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर मांडायचे, कुंभाराकडून आणलेले हे मावळे शेठजींनी एका खोक्यात, भुशात घालून इतकी वर्षे जपले होते. ढालवाले होते, भालेवाले होते, घोडेस्वार होते, तुतारी फुंकणारा होता. त्याच खोक्यात दोन गवळणी, एक नांगरवाला, जात्यावर बसलेली बाई, शेपूट तुटलेले कुत्रे असेही बरेच निघाले. "युद्धाच्या संग्रहात गवळणीचं काय काम?" असे म्हणून चित्रकाराने ती सगळी मंडळी बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरली आणि डबा जिन्याखाली सरकवला. शेठजींनी ते पाहिले आणि ते पुढची चौकट पुसू लागले.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली. चित्रकाराने आपले कुंचलेही तलवारींशेजारी ठेवले. मग त्याला वाटले, शस्त्रांना फुले आणि चित्रांना नाहीत हे बरे दिसत नाही. म्हणून तो शिडीवर चढला.

शेठजींची पत्नी, जिला सगळे काकू म्हणत, दाराशी येऊन थबकली. "सगळ्यांना हार घालताय?"

"सगळ्यांना, काकू. एकच चौकट सोडली तर डोळ्याला खटकतं."

काकूंनी समोरच्या मोठ्या चित्राकडे पाहिले. त्या काहीतरी बोलणार होत्या, इतक्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला आणि त्या धावत आत गेल्या.

दसऱ्याला दुपारच्या एस.टी.ने सुभेदार आले. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खिशात आपट्याची पाने. शेठजींनी त्यांना हात धरून दिवाणखान्यापर्यंत आणले आणि दार दोन्ही बाजूंनी उघडले.

सुभेदार उंबऱ्यावरच थांबले. समोर ते स्वतः उभे होते. गळ्यात झेंडूचा हार होता.

"ह्यो कोण रं?"

"दादा, तुम्हीच की!"

"आसं?" सुभेदारांनी मान तिरपी करून नीट पाहिले. "बरा दिसतोय गडी. कवा गेला?"

शेठजींच्या तोंडचे पाणी पळाले. काकूंनी पदर ओठांशी नेला. चित्रकाराने जीभ चावली, कारण जिवंत माणसाच्या तसबिरीला कोणी हार घालत नाही हे पाळण्यातल्या पोरालाही कळते, आणि चौकटींची ओळ साधण्याच्या नादात तेवढेच त्याच्या ध्यानात आले नव्हते.

"अहो, काढा तो! शिडी आणा!" शेठजी ओरडले.

"ऱ्हाऊ दे रं, फुलं ताजी हायत," सुभेदार हसत म्हणाले. त्यांनी सगळ्यांच्या हातावर आपट्याची पाने ठेवली, चित्रकाराच्याही. मग हात मागे बांधून, पलटणीची पाहणी करावी तसे ते दिवाणखान्यातून सावकाश एक फेरी मारून आले. काचेच्या कपाटापाशी मात्र ते जास्त वेळ थांबले. वाकले, खालच्या फळीवर काही दिसते का ते पाहिले, आणि पुन्हा ताठ झाले.

"भाऊजी, पानं वाढलीत," काकू म्हणाल्या.

सुभेदारांनी हनुवटीने तैलचित्र दाखवले. "ह्याला वाढा की. कवाधरनं उभा हाय बिचारा." आणि हसतमुखानेच त्यांनी चपला पायांत सरकवल्या. "मी निघतो. माझी गाडी चुकंल."

गाडी चुकण्याचे काही कारण नव्हते. संध्याकाळची गाडी संध्याकाळीच होती.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी आपल्या ड्रायव्हरबरोबर लाडवांचा डबा आणि माफीचा निरोप पाठवला. ड्रायव्हर परत येऊन म्हणाला, "सुभेदारसाहेब अजिबात रागावलेले नाहीत. म्हणाले, हाराचं काय मनावर घ्यायचं, झेंडू चांगला होता."

"आणि दिवाळीला या म्हणालास का?"

"म्हणालो."

"मग?"

"बघू म्हणाले."

शेठजी गादीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. सुभेदारांचे 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्या घरात लहानथोर सगळ्यांना माहीत होते.

"रागावले असते तर मी पाय धरले असते," ते चित्रकाराला म्हणाले. "ते रागावलेही नाहीत. चित्रकार, दादा माझ्या घरून उपाशी कधी गेले नव्हते. आज दसऱ्याला गेले, उद्या दिवाळीला येणार नाहीत, आणि मग पुढच्या दसऱ्याला टपालानं पानं पाठवतील. आमचं वय असं आहे, की एकदा सुटलेली सवय पुन्हा लागत नाही. मला या भिंती नकोत. मला ते पंगतीला बसलेले हवेत."

चित्रकाराने सुचेल ते केले. सगळे हार उतरवले. रक्त दिसणारी चित्रे मागच्या खोलीत हलवली. तैलचित्रावरचा दिवा मंद केला. तरी दिवाणखान्यात शिरले की त्याला स्वतःलाच कसेतरी होई आणि कारण हाती लागत नसे. शेवटी तो आपल्या गुरुजींकडे गेला.

गुरुजी नदीपलीकडच्या गावी एका खोलीत राहत. आयुष्यभर त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले होते. एकेकाळी त्यांच्या अरण्यात शिरलेली नटी खरोखरच हरवेल असे लोकांना वाटे. आता मंडळ्या राहिल्या नव्हत्या, पडदे कुठल्या कुठल्या गोदामांत गुंडाळून पडले होते, आणि गुरुजी खिडकीशी बसून जुन्या प्रयोगांच्या आठवणी सांगत. शिष्याला त्या खोलीत आले की पिवडीच्या पिवळ्या रंगाचा आणि सरसाचा वास येई, आणि त्या वासाबरोबर एक जुना सलही जागा होई.

शिकाऊ असताना त्याला राजवाड्याचा एक पडदा पुरा करायला मिळाला होता. खांब, कमानी, झुंबरे सगळे झाले. मधोमध मात्र गुरुजींनी भलीमोठी जागा कोरी ठेवली होती. एकदा गुरुजी बाहेर गेलेले पाहून त्याने तिथे संगमरवरी कारंजे रंगवले, दोन्ही बाजूंना मोर बसवले. आयुष्यात तोवर इतके सुंदर काही त्याच्या हातून उतरले नव्हते. गुरुजी आले. त्यांनी पाहिले. "छान झालंय," म्हणाले, आणि पिवडीचा डबा उचलून, वर कुंचला फिरवून कारंजे मोरांसकट पुसून टाकले. कारण सांगितले नाही आणि याने विचारले नाही.

शिष्याने दसऱ्याची सगळी हकीकत सांगितली. गुरुजींनी मधे एकच प्रश्न विचारला.

"कपाटापाशी वाकले म्हणालास. काय शोधत होते?"

"ते नाही मला कळलं."

"चल," म्हणून गुरुजींनी काठी घेतली.

दिवाणखान्यात येऊन त्यांनी चित्रे सावकाश पाहिली. तैलचित्रासमोर उभे राहून शिष्याच्या पाठीवर थाप दिली. मग कपाटाशी गेले.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण, गुरुजी?"

"अरे, किल्ल्यावर नुसते शिपाईच होते होय? यांना भाकरी कोण बांधून देत होतं?"

चित्रकार जिन्याखाली गेला आणि तो डबा घेऊन आला. गुरुजींनी जमिनीवर बैठक मारली आणि एकेक जण बाहेर काढून फरशीवर उभा केला. गवळण, दुसरी गवळण, नांगरवाला, जात्यावरची बाई, कुत्रे.

"शेठ, ही मंडळी कुणाची?"

शेठजी आधी नुसते बघत राहिले. मग तेही खाली बसले. "दादांची. म्हणजे खोकं एकच होतं, पण वरचा किल्ला माझा आणि पायथा दादांचा, अशी आमची वाटणी. मी सगळे मावळे बुरजावर दाटीवाटीनं उभे करायचो. दादा म्हणायचे, एवढ्या जणांना पाणी कुठनं आणशील, गुंड्या? मग ते खाली करवंटी पुरून विहीर करायचे, त्यात आरशाचा तुकडा ठेवायचे. विहिरीवर गवळण. एक वाट काढायचे. गल्लीतली पोरं हसायची, थोरला बाहुल्या मांडतोय म्हणून. ते ऐकायचेच नाहीत. रात्री पणती लावायची ती पहिल्यांदा विहिरीपाशी, बुरजावर मागनं." शेठजींचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. "या गवळणीचं मडकं मी फोडलंय. दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी."

"अंगणात गाडीभर माती टाकून घ्या," गुरुजी म्हणाले.

"कशाला?"

"किल्ला करायचाय."

"आता? या वयात?"

"मग काय, मी करू? तुमच्याहून मी मोठा आहे."

माती आली. विटा, दगड, गोणपाटे आली. शेठजींनी धोतर खोचले आणि चिखलात हात घातला. पेढीवरच्या माणसांनी दारातून डोकावून पाहिले आणि ती हसू दाबत परत गेली. पहिल्या दिवशी बुरूज दोनदा ढासळला. मग हातांना आपोआप आठवू लागले: गोणपाट पातळ चिखलात बुडवून दगडांवर कसे पसरायचे, तट अंगठ्याने कसा दाबायचा, वर अळीव कधी पेरायचा. काकूंनी चहा आणून ठेवला तो गार झाला.

वर सगळे होत आले, पण गुरुजी पायथ्याला हात लावू देईनात. तिथे त्यांनी ओल्या हाताने वीतभर रुंदीची सपाट जागा सारवून ठेवली होती. चित्रकाराने हौसेने तिथे काड्यांची झाडे रोवली. गुरुजींनी ती उपटून त्याच्या हातात दिली. अळीव उडून खाली पडला तर तोही वेचून काढला. काकूंनी एका सकाळी तिथे रांगोळी घातली.

"बाई, रांगोळी दारात काढा," म्हणून गुरुजींनी ती हलक्या हाताने पुसली.

"अहो, पण उघडं उघडं दिसतंय ते," काकू म्हणाल्या.

"दिसू दे."

चित्रकाराला कारंज्याची आठवण झाली आणि तो मनातल्या मनात धुमसत राहिला. इतका नेटका किल्ला झाला होता, आणि खाली ही पुसल्यासारखी जागा! वसुबारसेच्या सकाळी गुरुजींनी तो बिस्किटांचा डबा त्याच्या हाती दिला.

"सुभेदारांना नेऊन दे."

"निरोप काय सांगू?"

"काही सांगू नकोस. विचारतील तेवढ्याला खरं उत्तर दे."

सुभेदार आपल्या खळ्यावर भुईमुगाच्या शेंगा वाळवत बसले होते. चित्रकाराला बघून म्हणाले, "या हारवाले!" चित्रकार ओशाळला. त्याने डबा पुढे केला. सुभेदारांनी झाकण उघडले आणि आत पाहिले. मग दोन बोटांनी गवळण उचलली.

"हिचं मडकं फुटलंय."

"शेठजींनी फोडलंय म्हणाले."

"कबूल केलं व्हय त्यानं? येवढ्या वर्षांनी?" त्यांनी ती पुन्हा अलगद ठेवली. "हे का आणलंस?"

"माझ्या गुरुजींनी दिलं. घरी किल्ला केलाय."

"कुणी?"

"शेठजींनी. स्वतः."

"गुंड्यानं? त्याला चिखल धरवतो अजून?" सुभेदार शेंगांवरून हात फिरवत राहिले. "पुरा झाला?"

"वरचा झाला. पायथा राहिलाय."

"राहिलाय म्हंजे?"

"गुरुजी तिथं कुणाला काही करू देत नाहीत."

सुभेदारांनी डब्याचे झाकण लावले. खळ्यावरच्या कुत्र्याने शेंगांत तोंड घातले तसे त्याला हाकलले. मग म्हणाले, "बघू."

चित्रकाराने परत येऊन तो एक शब्द सांगितला. शेठजींनी मान हलवली आणि चिखलाचे हात धुऊन टाकले.

नरकचतुर्दशी झाली. लक्ष्मीपूजनाला पेढीवर गर्दी उसळली. अळीव हिरवागार उगवून आला, मावळे बुरजांवर चढले, तुतारीवाला दरवाजावर उभा राहिला, पायथा तसाच. रात्री काकूंनी बुरजावर पणती ठेवू का विचारले, तर शेठजी म्हणाले, "आधी खाली लावायची असते. राहू दे."

पाडव्याला सकाळी थंडी होती. दुपारच्या गाडीने सुभेदार आले. काखेत बिस्किटांचा डबा होता. दिवाणखान्याचे दार उघडे होते, पण ते तिकडे वळलेच नाहीत. सरळ अंगणात आले आणि किल्ल्यापुढे उभे राहिले.

"बुरूज वाकडा हाय."

"तुम्ही नव्हता ना धरायला," शेठजी म्हणाले.

"नगं ते कारण. लहानपणीबी वाकडाच करायचास." सुभेदार उकिडवे बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "करवंटी आण. आन् आरशाचा तुकडा."

करवंटी आली. त्यांनी ती सपाट जागेच्या डाव्या बाजूला पुरली. बोटाने वाट काढली, दरवाजापासून विहिरीपर्यंत. नांगरवाला उजवीकडे बसला, जात्यावरची बाई तटाच्या सावलीला. शेठजी शेजारी बसून माती कालवून देत होते.

"वर ठाण्यावर रातीला उभं ऱ्हायलं ना," सुभेदार गवळण हातात धरून म्हणाले, "की खाली बघायचो. खाली काय नसायचं रं. नुसता काळोख. कुठं एक दिवा न्हाई. मग मी मनात ह्ये मांडायचो. हितं विहीर. हितं जातं. कुत्रं कुठं ठेवायचं त्यावर लई वेळ जायचा. सकाळ व्हायची."

शेठजींचा हात चिखलातच थांबला. "कधी सांगितलं नाहीत, दादा."

"कुणी इचारलं? समदी इचारत्यात, किती मारले." त्यांनी गवळण विहिरीच्या काठावर ठेवली, मडके फुटलेली बाजू आडोशाला जाईल अशी. "आता तू सांग, कुत्रं कुठं ठेवू?"

"विहिरीपाशी नको, गवळण भिईल," शेठजी म्हणाले, आणि दोघेही हसू लागले. हसता हसता शेठजींनी चिखलाचाच हात डोळ्यांवरून फिरवला आणि कपाळ माखून घेतले.

ओसरीवर गुरुजी आणि त्यांचा शिष्य उभे होते. शिष्य खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं?"

"ठाण्यावरचं? ते कसं ठाऊक असणार? ते त्यांचं." गुरुजी काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होते. "मला एवढंच दिसलं, की हा माणूस कपाटात आपली माणसं शोधत होता आणि तिथे ती नव्हती. तुझा त्या कारंज्यावरून माझ्यावर राग आहे ना रे अजून?"

शिष्याने मान खाली घातली.

"कारंजं उत्तमच होतं. पण त्या जागी राजा येऊन उभा राहायचा होता. कारंजं ठेवलं असतं, तर तो पाण्यातून उगवल्यासारखा दिसला असता, आणि लोक मोर बघत बसले असते. पडद्याच्या मधली जागा जिवंत माणसाची असते. ती आपण रंगवायची नसते. शेठनी मायेपोटी तीन भिंती भरल्या. चौथी तू भरलीस. आणि भावाला म्हणालात, या, आत या. त्यानं उभं कुठे राहायचं? त्याच्या जागी त्याचंच चित्र उभं होतं, त्याच्याहून उंच. हार काढला काय आणि ठेवला काय. गेलेल्या माणसाचं चित्र पुरं करावं. असलेल्याचं थोडं अपुरं सोडावं, म्हणजे त्याला येता येतं."

शिष्याने किल्ल्याकडे पाहिले. पायथ्याची ती वीतभर जागा आता भरली होती, आणि तिथे काय हवे होते ते त्याला इतक्या दिवसांत एकदाही सुचले नव्हते. त्याने गुरुजींच्या पायांना हात लावला. गुरुजी म्हणाले, "पुरे, वाकू नकोस, मला पुढचं दिसत नाहीये."

"पानं वाढलीत," आतून काकूंची हाक आली.

सुभेदारांनी हात धुतले आणि ते धाकट्या भावाशेजारी पंगतीला बसले. पुरणपोळी त्यांनी दोनदा मागून घेतली. संध्याकाळच्या गाडीने ते गेले नाहीत. दिवेलागणीला त्यांनी पहिली पणती विहिरीपाशी लावली आणि भाऊबीजेच्या सकाळच्या गाडीने गेले. शेठजींनी तैलचित्र उतरवून जिन्याखाली ठेवले. त्या भिंतीवर खिळा आहे, दुसरे काही लावलेले नाही. काचेच्या कपाटात वरच्या फळ्यांवर मावळे आहेत, आणि खालच्या फळीवर दोन गवळणी, नांगरवाला, जात्यावरची बाई आणि शेपूट तुटलेले कुत्रे आहे.